९४४ च्या डिकीतलं पाणी: प्रकल्प नोंदी

गाडी: पोर्शे ९४४, १९८६ सालची, २.५ लिटर, चार सिलिंडर. मागचा वायपर आहे, सनरूफ नाही.
मुक्काम: हाइलब्रॉन, नेकार नदीकाठ, जर्मनी.

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

आठवडाभर पावसाची झिमझिम. आज सकाळी डिकी उघडली आणि वास आला, पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीला येतो तसला. गालिचा वरून कोरडा होता. खालचा नमदा दाबला तेव्हा बोटं ओली झाली.

स्टेपनी बाहेर काढली. खळग्यात पाणी साचलेलं. स्पंजने बादलीत पिळून मोजलं, पावणेदोन लिटर भरलं. जॅकच्या आट्यांवर गंज चढलाय. पत्रा मात्र शाबूत आहे. ९४४ चा सांगाडा कारखान्यातूनच जस्ताचा मुलामा घेऊन बाहेर पडायचा, त्यामुळे ३८ वर्षांनंतरही तांबूस डाग फक्त दोनच आहेत, जिथे जॅक आपटून मुलामा खरवडला गेला तिथे. तेव्हाच्या लोकांनी केलेलं काम आज माझ्या कामी येतंय.

मागच्या वर्षी मी डिकीच्या कडेचं रबर बदललं होतं. गळती कमी झाली आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं. यंदा मूळ सापडल्याशिवाय पान्हा हातात घ्यायचा नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

रविवारी इथे ठोकाठोक करायची नसते, म्हणून नुसतं बघण्याचं काम. टॉर्च, आरसा आणि वही घेऊन दोन तास गाडीमागे बसले.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी रचना सांगते. ९४४ ची मागची बाजू म्हणजे जवळजवळ पूर्ण एकच मोठी, वळणदार काच. काचेच्या खालून एक धातूची चौकट फिरते आणि काच या चौकटीला फक्त चिकटवलेली असते. स्क्रू नाही, क्लिप नाही. चौकट वर छपराला बिजागऱ्यांनी अडकते. खालच्या दोन कोपऱ्यांत दोन खुंट्या आहेत, त्या गाडीतल्या कुलपांत जाऊन बसतात. चौकट आणि गाडीचा पत्रा यांच्या मध्ये जाडं पोकळ रबर. काचेच्या खालच्या काठाला काळा, रबरासारखा मऊ स्पॉयलर, म्हणजे हवेचा झोत वळवणारी उठावाची पट्टी.

म्हणजे पाण्याला अडवणाऱ्या सीमा दोन: रबराची आणि चिकटवणीची. रबर डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळे आधी तेच बदलतात. मीही तेच केलं.

९२४, ९४४ आणि ९६८ या तिन्ही गाड्यांना हीच काच. पहिली ९२४ मुळात फोक्सवागनसाठी आखलेला प्रकल्प होता, त्याचा क्रमांक ईए ४२५. फोक्सवागनने तो सोडला, पोर्शेने विकत घेतला आणि गाडी तयार होऊ लागली नेकार्सुल्मच्या आउडी कारखान्यात. ९४४ पण तिथलीच. आमच्या घरापासून नदीच्या खालच्या अंगाला काही किलोमीटरवर. ज्या गावात ही काच पहिल्यांदा चिकटवली गेली, त्याच्या शेजारच्या गावात ती आता सुटत असावी असा संशय आहे, आणि का कोण जाणे, मला ती माझी जबाबदारी वाटते.

संशयित लिहून ठेवले: कडेचं रबर, काच-चौकट चिकटवण, वायपरच्या दांड्याभोवतीचं रबर, स्पॉयलरच्या स्क्रूंची भोकं, मागच्या दिव्यांच्या गादीपट्ट्या. सनरूफच्या नळ्या हा एक मोठा संशयित माझ्या गाडीत नाहीच.

३ ऑक्टोबर, गुरुवार

सुटी. आज पाण्याची परीक्षा.

आधी कागदाची. वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या रबरावर ठेवून डिकी बंद करायची आणि पट्टी ओढायची. घट्ट निघाली तर रबर दाबलं जातंय, सुळकन निघाली तर नाही. चोवीस जागी करून पाहिलं. उजवा खालचा कोपरा किंचित सैल, बाकी सगळीकडे पट्टी फाटेपर्यंत घट्ट. रबर जवळजवळ निर्दोष सुटलं.

मग लेकीला टॉर्च देऊन आत डिकीत झोपवलं. ती नऊ वर्षांची आहे, त्या जागेत मावते, आणि तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. बाहेरून मी झारीने पाणी. जोराचा पाइप मारायचा नाही, कारण त्या दाबाने पाऊस कधी शिरत नाही तिथेही पाणी शिरतं आणि भलताच निष्कर्ष निघतो. पाणी खालून सुरू करायचं आणि हळूहळू वर जायचं. आधी दिवे, पाच मिनिटं. मग स्पॉयलर. मग काचेची डावी कड, मग उजवी. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही.

दिव्यांवर काही नाही. स्पॉयलरवर ओततानाही बराच वेळ काही नाही. मी पुढे सरकणार इतक्यात आतून हाक आली, "आई, थांब! इथे एक थेंब लटकलाय, पण पडत नाहीये."

थेंब डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यापासून हातभर वर, चौकटीच्या आतल्या काठावर. तो तिथून चौकटीच्या पोटातून घरंगळत मागे आला, कुलपाच्या खुंटीपाशी थांबला आणि मग खाली टपकला. म्हणजे पाणी आत येण्याची जागा आणि पडण्याची जागा यांत चांगलं हातभर अंतर. मागच्या वर्षी मी पडण्याच्या जागेवर उपचार करत बसले होते.

आमच्या कोकणातल्या घरी मृगाच्या आधी कौलं परतायला माणसं यायची. आजोबा खाली उभे राहून सांगायचे की ओल भिंतीला दिसते तिथलं कौल फुटलेलं नसतं, रिपेवरून पाणी कुठून चालत आलंय ते बघा. मग माणूस ओलीच्या जागेपासून वर, वर सरकत जायचा आणि चार-पाच कौलं सोडून फुटकं कौल काढून दाखवायचा. आज तसंच वर सरकत गेले.

५ ऑक्टोबर, शनिवार

पाण्याने जागा दाखवली, पण एकच जागा आहे की अनेक, हे कळायला हवा वापरली. सगळ्या खिडक्या बंद, गाडीचा पंखा पूर्ण जोरात, हवा बाहेरूनच घेणारी. आतला दाब थोडा वाढतो. बाहेरून ब्रशने साबणाचं पाणी काचेच्या कडेला.

डाव्या कडेला सुमारे ४० सेंटिमीटरच्या पट्ट्यात बारीक फेस उकळल्यासारखा येऊ लागला. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक छोटा पुंजका. वायपरच्या दांड्याशी दोन-तीन मोठे बुडबुडे. कडेच्या रबराला काहीही नाही.

काच चौकटीपासून सुटतेय. डाव्या बाजूला नखाने दाबलं तर हलकासा कर्रकर्र आवाजही येतो. खडबडीत रस्त्यावर मागून येणारा तो आवाज मी इतके दिवस प्लॅस्टिकचा समजत होते.

काच सुटते ती अनेक कारणांनी. मूळ चिकटवण वयाने कडक होते. उन्हात काच आणि धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, दोघांमधला थर रोज ताणला जातो. त्यात काच जड. डिकी वर उचलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्या नव्या आणि फार जोरकस बसवल्या तर डिकी बंद असतानाही त्या चौकटीला सतत वर ढकलत राहतात, आणि खालून खुंट्या तिला धरून ठेवतात. चौकट वाकू पाहते, काच वाकत नाही. माझ्या गाडीच्या दांड्या आधीच्या मालकाने बदललेल्या आहेत. कुलूप सोडलं की डिकी उसळते. मला ते मजबुतीचं लक्षण वाटायचं.

९ ऑक्टोबर, बुधवार

सामान मागवलं: काच बसवायचं पॉलियुरेथेन, त्याचे प्रायमर (काचेचा वेगळा, धातूचा वेगळा), कापायची चौकोनी तार, वायपरच्या दांड्याचं रबर, दिव्यांच्या गादीपट्ट्या. कमी जोराच्या, मूळ मापाच्या गॅसच्या दांड्या.

नवी काच-चौकट एकत्र मिळते का याचा विचार केला नाही. ही काच चांगली आहे, हीटरच्या सगळ्या तारा चालू आहेत, आणि गाडीला एच-पाटी, म्हणजे ऐतिहासिक गाडीची नंबरपाटी आहे. तीस वर्षांपुढच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला इथे ती मिळते. जे मूळचं आहे ते वाचवायचं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी गाडीची पूजा. अंगणातल्या झेंडूचा हार केला, पुढच्या झाकणावर हळदकुंकू, पान्ह्यांचा संच पाटावर. नवऱ्याने नारळ फोडला. लेकीने टॉर्चलाही कुंकू लावलं, तिच्या मते खरं हत्यार तेच.

दुपारी शेजारचे आजोबा आले. लेक त्यांना ओपा म्हणते. आयुष्यभर गाड्यांच्या काचा बसवायचं काम केलेला माणूस. त्यांनी हातमोजे घालून कड चाचपली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "इथे सिलिकॉन कोणी भरलं?"

एक थर कधीतरी कुठल्यातरी गॅरेजमध्ये भरलेला होता, माझ्या आधी. दुसरा, खालच्या काठाला स्पॉयलर आणि काचेच्या मधला, माझा. मागच्या वर्षी रबर बदलल्यावर "आणखी सुरक्षितता" म्हणून मी तो भरला होता. तसं त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बोटाने दाखवलं: पाऊस काचेवरून ओघळत खाली येतो, स्पॉयलरच्या वरच्या काठाशी थांबतो आणि त्या फटीतून खाली निसटतो. ती फट मी बुजवली होती. पाणी निसटायचं सोडून तिथे तळं करून थांबत होतं, आणि त्याच्या कडेला होती काचेची सुटत चाललेली चिकटवण. घराच्या पन्हळीचं तोंड बंद करून वळचण गळते म्हणून तक्रार करावी, तसं झालं होतं.

हे लिहिताना अजूनही जिवाला लागतं. पावणेदोन लिटरमधलं बरंचसं पाणी माझ्या काळजीने आत गेलं होतं.

काच उतरवली. आधी लाकडी टेकू देऊनच गॅसच्या दांड्या सोडवायच्या, नाहीतर काच डोक्यात येते. हीटरच्या वायरी, वायपरची वायर, मग बिजागऱ्यांचे बोल्ट. दोघे जण दोन बाजूंना, आणि तरीही आम्ही मध्ये एकदा थांबलो. जुन्या ब्लँकेटवर उपडी ठेवली. ही काच टफन्ड असते. मधोमध बुक्की बसली तरी सहन करेल, पण कडेला पान्हा लागला तर क्षणात तिचे दाणे होतील.

१३ ते १९ ऑक्टोबर

तार घालून कापायचं काम फारसं उरलंच नव्हतं. डावीकडे काच हातानेच सुटली. उजवीकडे तारेची दोन टोकं लाकडी मुठींना बांधून करवतीसारखी ओढली, दोघांनी मिळून, पाऊण तास.

मग रोज संध्याकाळी एक तास खरवडणं. जुनी मूळ चिकटवण पूर्ण काढायची गरज नसते, घट्ट बसलेली असेल तर तिचा मिलिमीटरभर थर ठेवून त्यावर नवी उत्तम धरते. पण सिलिकॉन जिथे लागलं तिथे हा नियम चालत नाही. त्यावर पॉलियुरेथेन धरत नाही, रंग धरत नाही, काहीच धरत नाही, आणि त्याचा अदृश्य थर उरतो. त्या सगळ्या जागा काचेपर्यंत आणि धातूपर्यंत नेल्या. आंबट वास येणारं सिलिकॉन तर धातूवर वापरूच नये; सुकताना त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं आणि त्याच्याखाली धातू झिजतो. चौकटीवर डावीकडे नेमका तसाच पांढुरका, खवल्यांचा डाग निघाला. घासून, प्रायमर देऊन, दोन हात रंग.

स्पॉयलरखालून मूठभर मऊ काळी माती निघाली. पानं, परागकण, धूळ. चिमूटभर कुंडीत टाकता आली असती इतकी सकस.

२६ ऑक्टोबर, शनिवार

चिकटवण्याचा दिवस. गॅरेजमध्ये सकाळपासून हीटर लावून १८ अंश आणले. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने पिकतं, थंडीत आणि कोरड्या हवेत ते रेंगाळतं. म्हणून एका कोपऱ्यात पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. ओपांना ते आवडलं.

कोरडी तालीम तीनदा केली. काच चौकटीवर ठेवायची, चिकटपट्टीने दोन्हींवर खुणा करायच्या, उचलायची. गोंद लागल्यावर सरकवत बसायला वेळ नसतो. थर किती जाड हवा यासाठी चौकटीवर चार ठिकाणी रबराचे छोटे ठोकळे चिकटवले. काच पार दाबून गोंद बाहेर काढला तर थर पातळ होतो आणि त्याची लवचिकता जाते. ती लवचिकता हवी म्हणूनच इपॉक्सी घेतलं नाही. इपॉक्सी घट्ट धरेल, पण उन्हात धातू वाढला की तो ताण थेट काचेला देईल.

नळीच्या तोंडाला त्रिकोणी खाच कापली. अशा खाचेतून गोंदाचा उंच, टोकदार बांध पडतो, काच बसली की टोक दबून थर सलग होतो, मध्ये हवा अडकत नाही. बंदूक मी चालवली. ओपा पुढे चालत होते आणि फक्त "सावकाश, सावकाश" म्हणत होते. सुरुवात आणि शेवट वरच्या बाजूला मधोमध ठेवला, खालच्या काठाला जोड येऊ दिला नाही. पाणी जिथे थांबतं तिथे जोड नको.

काच खुणेवर उतरली. पट्ट्यांनी बांधली, वाळूच्या चार पिशव्या कडेने. डब्यावर लिहिलंय की २३ अंशांत चोवीस तासांत तीनेक मिलिमीटर पिकतं. मी आठवडा देणार आहे.

वायपरचं रबर बदललं. खालची फट मोकळी. तिथे काहीही भरलेलं नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

पणत्या गॅरेजच्या दाराशीही लावल्या. काचेला हात लावला नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

डिकी परत चढवली. बिजागऱ्या आधी सैल, मग दोन्ही बाजूंची फट सारखी करून घट्ट. नव्या दांड्यांनी डिकी आता उसळत नाही, शांतपणे वर येते.

खुंट्यांनी अर्धा दिवस खाल्ला. त्या आट्यांच्या असतात, आत-बाहेर फिरवून उंची बदलते, आणि त्यावर रबर किती दाबलं जाणार ते ठरतं. उजवी एक पूर्ण फेरा आत घेतली तर कागदाची पट्टी मस्त घट्ट, पण बटण दाबलं की मोटर कण्हते आणि कुलूप सुटत नाही. शिवाय तेवढा ताण पुन्हा नव्या चिकटवणीवरच. अर्धा फेरा मागे. पट्टी अजूनही फाटल्याशिवाय निघत नाही, आणि कुलूप टक् करून उघडतं. खुंट्या जागच्या फिरू नयेत म्हणून चेकनट आवळले.

कडेच्या रबराला हिर्शटाल्ग लावलं, हरणाच्या चरबीची कांडी. हिवाळ्यात दारांची रबरं गोठून चिकटू नयेत म्हणून इथे लोक ती पिढ्यान्‌पिढ्या वापरतात.

३ नोव्हेंबर, रविवार

झारी. लेक आत. वीस मिनिटं. "काही नाही, आई." आणखी दहा मिनिटं. काही नाही.

स्टेपनीच्या खळग्यात टाल्कम पावडर चाळणीने भुरभुरवली. थेंब पडला तर ओघळाची रेघ उमटेल.

१७ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस मुसळधार. पावडरीवर उजवीकडून आलेली एकच रेघ, बोटभर लांब. काचेकडून नव्हे, उजव्या दिव्याच्या बाजूने. नव्या गादीपट्ट्या आल्या होत्या आणि त्या बसवायच्या राहूनच गेल्या होत्या. झारीच्या परीक्षेत दिवे निर्दोष ठरले होते, पण तेव्हा वारा नव्हता. दिवा काढला, जुना फोम बोटात पिठासारखा झाला. दोन्ही बाजूंना नव्या पट्ट्या. पावडर नव्याने.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पावसात श्टुटगार्टपर्यंत ऑटोबानने, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. ही परीक्षा उभ्या गाडीच्या परीक्षेपेक्षा अवघड. वेगात अशा गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. चाकांनी उडवलेला तुषार आणि सायलेन्सरचा धूर दोन्ही तिथे घोटाळतात, आणि फट असेल तर आत ओढले जातात. पूर्वी तासाभराच्या प्रवासात मागून हलका धुराचा वास यायचा आणि मी खिडकी उघडायचे, त्याने तो वाढायचाच.

आज वास नाही. कर्रकर्र नाही. घरी येऊन लगेच उघडलं, पावडर जशीच्या तशी.

८ मार्च २०२५, शनिवार

हिवाळा संपला. उणे तापमान, वितळणारा बर्फ, रस्त्यावरचं मीठ, सगळं होऊन गेलं. साबणाचं पाणी आणि पंखा पुन्हा एकदा: संपूर्ण कडेला एकही बुडबुडा नाही. वायपरपाशीही नाही. सकाळी काच आतून धुरकट होत नाही.

स्पॉयलरच्या फटीत दोन वाळकी पानं अडकली होती. ती काढली, फटीतून वायर फिरवली, तांब्याभर पाणी ओतलं. सरळ खाली गेलं. ओपा कुंपणापलीकडून बघत होते, त्यांनी अंगठा वर केला.

नवा नमदा कापून बसवला. जॅकच्या आट्या ब्रशने घासून ग्रीस लावलं, जागेवर ठेवला. टाल्कम पावडर अजून खळग्यातच आहे. लेक म्हणते की ती काढायची नाही, दर शनिवारी ती बघणार आहे.